तीन वर्षांनी इथे कोण असणार?

प्रश्न : सलाम मावशी. आम्ही नगर जिल्ह्यातल्या एका गावात राहतो, तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहोत. माझा धाकटा दीर 2021 मध्ये कोरोनात गेला. शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. तेव्हापासून मिस्टर रात्र-रात्र मोबाईलवर एका प्रचारकाचे संदेश ऐकत बसतात. प्रभू येणार, चिन्हं पूर्ण झाली, आता महिने उरले, असं तो माणूस सांगतो. ह्यांना ते इतकं पटलंय की विम्याचे दोन हप्ते भरलेच नाहीत. मुलीला जीएनएम नर्सिंगला जागा मिळाली आहे. फीची मुदत तोंडावर आली तरी म्हणतात, "तीन वर्षांनी इथे कोण असणार?" त्या प्रचारकाच्या क्यूआर कोडवर मात्र दर महिन्याला पैसे जातात. आता एक एकर विकून देवाच्या कामाला द्यायचं चाललंय. मी काही बोलले की ऐकवतात, "लोटाच्या बायकोची आठवण कर." मागे वळून बघितलं म्हणून मिठाचा खांब झालेली, बायबलमधली ती.

खरं सांगायचं तर मलाही भीती बसली आहे. परवा दुपारी शेतातून आले तर घर उघडं, आत कोणी नाही, दोघांचेही फोन लागेनात. माझ्या पायातलं बळच गेलं. वाटलं, प्रभूने सगळ्यांना वर उचललं आणि मी एकटी मागे राहिले. ते दोघं किराणा आणायला गेले होते. माझा विश्वास कमी पडतोय का?
— एक आई

उत्तर : ताई, सलाम. आधी फी भरा. मिस्टरांशी बोलणं व्हायला महिने लागतील, कॉलेज तेवढं थांबणार नाही. माहेरून घ्या, बचत गटातून उचला, एखादा दागिना ठेवा, पण ती जागा जाऊ देऊ नका. चोरून मात्र भरू नका. "मी भरते आहे," असं त्यांना सांगून भरा.

तुमचा विश्वास कमी नाही. या सदराचे बरेच वाचक ख्रिस्ती नाहीत, त्यांच्यासाठी दोन वाक्यं. मरणातून उठलेला आणि स्वर्गात गेलेला येशू पुन्हा येईल, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करील, हे ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यातलं आहे. प्रॉटेस्टंट असो की वसईचा कॅथलिक, विश्वासांगीकार, म्हणजे उपासनेत म्हणायचा श्रद्धेचा सारांश, म्हणताना प्रत्येक जण हे म्हणतो, आणि नाताळाआधीच्या आगमनकाळात पहिल्या रविवारची वाचनं बाळ येशूची नसून या दुसऱ्या येण्याचीच असतात. त्यामुळे ताई, मिस्टर काहीतरी भलतंच मानू लागले आहेत असं समजून बोलायला जाऊ नका. ते जे मानतात तेच तुम्हीही मानता. वाट कशी बघायची, एवढ्यावरच तुमचं दोघांचं बिनसलं आहे.

त्यावर पवित्र शास्त्रात भरपूर सापडतं, आणि नवल म्हणजे बहुतेक तुमच्या बाजूचं. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय काढा. दहा कुमारींचा दाखला संडेस्कूलपासून आपल्या कानांवर आहे, आणि त्याचा अर्थ आपण "जागे राहा" एवढाच धरून ठेवतो. पण नीट वाचा. दिवे घेऊन त्या रात्री वराला सामोऱ्या निघाल्या होत्या. वराला उशीर झाला तेव्हा दहाच्या दहा जणींना डुलक्या लागल्या. शहाण्यासुद्धा झोपल्या! त्याबद्दल त्यांना कोणी बोल लावत नाही. फरक एवढाच होता की पाच जणींनी दिव्याबरोबर भांड्यात जास्तीचं तेल आणलं होतं. वर लगेच येईल असं धरून निघाल्या त्या पाच मूर्ख ठरल्या. उशीर होऊ शकतो हे ज्यांनी मनात धरलं, त्यांना शास्त्र शहाण्या म्हणतं. तुमच्या लेकीची फी हे ते भांड्यातलं तेल आहे. मिस्टरांना हा दाखला मोठ्याने वाचायला सांगा. अर्थ तुम्ही सांगू नका, त्यांचा त्यांना लागू द्या.

त्याच्या आधीच्या अध्यायात धनी परत येतो तेव्हा कोणाला धन्य म्हणतो? घरच्यांना वेळच्या वेळी जेवू घालत असलेल्या दासाला. छतावर बसून आभाळ न्याहाळणारा त्यात कुठेही नाही. आणि लोटाच्या बायकोचं म्हणाल, तर ती मुलीची फी भरत होती असं मला तरी कुठे वाचायला मिळालेलं नाही.

येशूचा प्रेषित पौल याच्या काळीसुद्धा हेच झालं होतं. थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला त्याने लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात दिसतं की काही भावांनी कामधंदा सोडला होता, आणि त्याच पत्रात प्रभूचा दिवस येऊन ठेपला अशी आवई उठल्याचंही आहे. पौलाने त्यांना भक्त म्हणून गौरवलं नाही. ज्याला काम करायचं नाही त्याने जेवूही नये, असं सरळ लिहून पाठवलं. प्रभूच्या येण्यावर पौलाचा विश्वास तुमच्या त्या प्रचारकापेक्षा कमी होता असं कोणी म्हणणार नाही. तरी तो स्वतः तंबू शिवून पोट भरत होता.

आपल्याकडचंही बघा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली मोठं संजीवन, म्हणजे श्रद्धेची जागृती, झालं, मुली रात्रंदिवस प्रार्थनेत असायच्या. पण पंडिता रमाबाईंनी तिथे विहिरी खोदल्या होत्या, फळझाडं लावली होती, छापखाना आणि विणकाम चालवलं होतं, दुष्काळातून आणलेल्या मुलींना हाताला काम शिकवलं होतं. झाड लावणाऱ्याला फळाला किती वर्षं लागतात हे ठाऊक असतं. त्याच वर्षांत मिरजेला डॉ. वानलेस यांचं मिशन रुग्णालय उभं राहत होतं. महाराष्ट्रात कितीतरी ख्रिस्ती घरांत नर्सिंग आलं ते अशा रुग्णालयांमधून. त्यातली एखादी परिचारिका तुमच्या गावातही असेलच. तिला विचारा, प्रभू येणार म्हणून तिने कधी रात्रपाळी सोडली का.

आता तारखांचं. मिस्टरांशी वाद घालायला नव्हे, तुमच्या स्वतःच्या धीरासाठी हे माहीत असू द्या. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या प्रचारकाच्या शिकवणुकीवरून लोकांनी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख धरली होती. काही शेतकऱ्यांनी बटाटे काढलेच नाहीत, जमिनीतच ठेवले. 23 तारीख उजाडली. 2011 मध्ये हॅरल्ड कॅम्पिंगने 21 मे सांगितली, जगभर फलक लावले, ती चुकल्यावर 21 ऑक्टोबर सांगितली. पुढच्या वर्षी त्याने आपली चूक जाहीर कबूल केली, पण त्याच्या भरवशावर आयुष्यभराची पुंजी जाहिरातींत घालणाऱ्यांच्या हाती काय उरलं? 2025 च्या सप्टेंबरातही दक्षिण आफ्रिकेतल्या एकाचा व्हिडिओ असाच जगभर फिरला आणि दोन दिवसांत विरला. मला सगळ्यात बोलका वाटतो तो दक्षिण कोरियाचा प्रकार. तिथल्या एका पंथाने 28 ऑक्टोबर 1992 ही तारीख दिली होती. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरं विकली. पंथाच्या प्रमुखाला फसवणुकीबद्दल अटक झाली तेव्हा त्याच्याकडे असे रोखे सापडले, ज्यांची मुदत त्या तारखेनंतर संपत होती.

म्हणून त्या क्यूआर कोडवाल्याबद्दल एकच गोष्ट विचारा, तीही भांडणाच्या सुरात नको. आपल्याला शेत विकायला सांगणाऱ्याने स्वतःचं काय विकलं? त्या दिवसाची आणि त्या घटकेची पित्याशिवाय कोणालाही माहिती नाही, पुत्रालाही नाही, हे येशूचेच शब्द. पुत्राला जे ठाऊक नाही ते एका चॅनेलवाल्याला महिन्यागणिक कळतं, हे मला तरी गिळता येत नाही.

एवढं सगळं सांगून मिस्टर बदलतील का? मला नाही वाटत. कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही वाटेत टाकून पुढे गेलात. भाऊ गेला आणि शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही. मोबाईल त्यानंतर आला. ताई, तो माणूस प्रभूची वाट बघतोय यात शंका नाही, पण मला वाटतं तो भावाचीही वाट बघतोय. उचललं जाण्याचे संदेश देणारे सगळे ज्या उताऱ्यावर बोट ठेवतात, तो थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय बघा. आपली गेलेली माणसं प्रभूच्या येण्याला मुकतील की काय, या दुःखात असलेल्या लोकांना पौल ते लिहितो आहे. मेलेले आधी उठतील, मग आपण सगळे मिळून प्रभूजवळ राहू, असं सांगून शेवटी म्हणतो, या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. ते सांत्वनपत्र आहे. त्याचं वेळापत्रक मागाहून लोकांनी केलं.

कोरोनात गेलेल्या कितीतरी जणांचा अंत्यविधी चार माणसांत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून उरकला गेला. ना घरी आणलं, ना भजनं झाली. रडायचं राहून गेलं, ते अजून राहिलंच आहे. तुमच्या दिराच्या नावाने एक स्मरण-उपासना ठेवा. किती वर्षांनी का असेना. पाळकसाहेबांना बोलवा, मंडळीला चहा द्या, दिराला आवडणारं भजन म्हणा, जावेला आणि तिच्या मुलांना पुढे बसवा. मिस्टरांना भावाबद्दल बोलू द्या. कबरेवर दोघं मिळून जा. कदाचित त्यानंतरही ते रात्री मोबाईल उघडतील. पण घरात त्या माणसाचं नाव निघायला लागलं की मोबाईलचा एकट्याचा ताबा सुटतो, असं मी बऱ्याच घरांत बघितलं आहे. झोप अगदीच उडाली असेल, जेवण कमी झालं असेल, तर डॉक्टरांकडे न्या. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. प्रार्थना आणि गोळी यांचं भांडण नाही.

आणि तुम्ही. त्या दुपारी तुमचं जे झालं ते फक्त तुमचं नाही. या शिकवणीत वाढलेल्या अनेकांना, विशेषतः लहानपणी ऐकलेल्यांना, रिकाम्या घराची अशी धास्ती बसते. एक लक्षात ठेवा. विश्वासणाऱ्यांना गुपचूप आधी उचलून नेणार आणि बाकीचे संकटात मागे राहणार, ही मांडणी फार जुनी नाही. जॉन नेल्सन डार्बी या प्रचारकाने ती 1830 च्या सुमारास मांडली आणि 1909 च्या स्कोफिल्ड बायबलमुळे, म्हणजे स्कोफिल्डच्या टिपांसह छापलेल्या बायबलमुळे, ती जगभर पसरली. कॅथलिक मंडळी ती शिकवत नाही, आणि सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) सारख्या जुन्या मंडळ्यांच्या विश्वासांगीकारातही ती नाही. ज्यांना ती मान्य आहे त्यांचा मी अनादर करणार नाही, त्यांत माझे जवळचे लोक आहेत. पण दोन हजार वर्षं ख्रिस्ती माणूस "ये, प्रभू येशू" अशी प्रार्थना करत आला तो भेटीच्या ओढीने. ज्याला आपण या म्हणतो, तो आपल्याला किराण्याच्या वेळेत गाठून मागे टाकून जाईल, असा नसतो. पुन्हा तसं झालं तर दारात बसा, पाणी प्या, शेजारच्या काकूंना हाक मारा. त्या मागे राहिल्या असतील तर तुम्हाला सोबत आहे!

आता शेताचं, आणि इथे मी कडक बोलणार आहे. सातबारा काढून त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते आजच बघा. आपल्यात वारसा 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो. हिंदू घरातल्या मुलीला वडिलोपार्जित जमिनीत जन्मापासून हिस्सा असतो, तसा आपल्या मुलीला त्यात नाही. त्यामुळे जमीन एकट्या मिस्टरांच्या नावावर असेल तर कायदा दाखवून त्यांना अडवणं अवघड आहे, तिथे समजूतच कामाला येईल. पण तुमचं नाव असेल तर तुमच्या सहीशिवाय तुमचा हिस्सा विकता येत नाही, आणि ती सही करू नका. देवाच्या नावाने मागितली तरी नाही. दिराचं नाव त्यावर असेल तर त्याचा वाटा आता जावेचा आणि तिच्या मुलांचा आहे. त्यांची वारस नोंद झाली आहे का ते तलाठ्याकडे विचारा. झाली नसेल तर आधी ती करून घ्या. हे जावेला तुम्हीच सांगा, तिला दुसरं कोणी सांगणार नाही.

विम्याचं काम तुलनेने सोपं आहे. बंद पडलेली पॉलिसी पहिला हप्ता चुकल्यापासून पाच वर्षांच्या आत व्याजासह थकबाकी भरून पुन्हा चालू करता येते, बाजाराशी जोडलेली असेल तर तीन वर्षांत. कंपनी तब्येतीचा दाखला मागू शकते, म्हणून उशीर नको. महिन्याच्या देणगीचं एकदम बंद करा म्हणालात तर घरात आग लागेल. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, आपल्या मंडळीत, पावती घेऊन द्यायचा, एवढ्यावर त्यांना आणून बघा. पावती म्हटल्यावर त्यांनाही त्या क्यूआर कोडचा हिशेब मागावासा वाटेल.

मुलीला यात मध्यस्थ करू नका, पण गप्पही बसवू नका. वडिलांना काय सांगायचं ते तिचं तिला सांगू दे. काकाच्या शेवटच्या दिवसांत त्याच्याजवळ घरचं कोणीच नव्हतं, होत्या त्या नर्सेस. हे तिला ठाऊक असेल, कदाचित म्हणूनच तिने नर्सिंग घेतलं असेल. तुम्ही विचारलं आहे का तिला?