गणित सोडून जेनेटिक्स घेता येईल का?

प्रश्न : मॅडम, मी शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे. माझ्या धाकट्या भावाला थॅलसेमिया मेजर आहे. दर तीन-चार आठवड्यांनी त्याला रक्त चढवावं लागतं. मला जेनेटिक्स शिकून याच आजारावर काम करायचं आहे. जीवशास्त्रात मार्क चांगले पडतात, पण गणिताची धास्ती वाटते, म्हणून पुढे गणित सोडायचा विचार आहे. बाबा म्हणतात, एवढी तळमळ आहे तर डॉक्टर हो, नुसत्या जेनेटिक्सवर पोट भरणार नाही. गणिताशिवाय चालेल का? आणि बाबांचं म्हणणं बरोबर आहे का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : आधी गणिताचं बोलते. तुझे बाकीचे निर्णय दोन-तीन वर्षांनीही बदलता येतील; गणित एकदा सुटलं की पुन्हा धरणं फार जड जातं. तेव्हा स्पष्टच सांगते, गणित सोडू नकोस. का, ते तुझ्या भावाच्या आजाराच्याच गोष्टीतून सांगते.

आईच्या पोटात असताना बाळाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन वेगळं असतं. त्यात प्रथिनांच्या दोन अल्फा आणि दोन गॅमा साखळ्या असतात. जन्मानंतर गॅमाचं जनुक हळूहळू बंद होतं आणि बीटाचं जनुक त्याची जागा घेतं. बीटा थॅलसेमियात बिघाड नेमका या बीटाच्या जनुकात असतो. म्हणून बाळ जन्मतः ठणठणीत दिसतं आणि काही महिन्यांनी फिकट पडू लागतं. तुझ्या आईबाबांना ते महिने नक्की आठवत असतील.

१९४८ साली डॉ. जॅनेट वॉटसन यांच्या असं लक्षात आलं की सिकलसेल (हिमोग्लोबिनच्या बिघाडामुळे लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक आजार) असलेल्या नवजात बाळांच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी फारच कमी दिसतात. गर्भातलं हिमोग्लोबिन बाळाचं रक्षण करत असावं, असा त्याचा अर्थ निघत होता. म्हणजे गॅमाचं जनुक पुन्हा चालू करता आलं तर सिकलसेलवरही इलाज आणि थॅलसेमियावरही. पण ते जनुक बंद कोण करतं? या प्रश्नाचा पक्का धागा हाती यायला जवळजवळ साठ वर्षं गेली.

तो कसा हाती आला ते नीट वाच. काही माणसांच्या रक्तात मोठेपणीही गर्भातलं हिमोग्लोबिन थोडं जास्त राहतं. २००७ आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, ज्यांच्या रक्तात ते जास्त आहे आणि ज्यांच्यात कमी आहे अशा माणसांचे डीएनए लाखो ठिकाणी ताडून पाहिले गेले. त्यातला एक अभ्यास सार्डिनिया बेटावरच्या लोकांचा होता, जिथे थॅलसेमिया मोठ्या प्रमाणावर आढळतो. बीसीएल११ए नावाच्या जनुकापाशी फरक ठळकपणे दिसला. या जनुकाचा हिमोग्लोबिनशी काही संबंध असेल, अशी तोवर कल्पनाही नव्हती. नंतरच्या प्रयोगांनी सिद्ध केलं की गॅमाचं जनुक दाबून ठेवण्यात त्याचाच मोठा हात आहे.

आता स्वतःला त्या संशोधकांच्या जागी ठेव. ५ लाख ठिकाणी तुलना केलीस आणि २० पैकी एक चूक चालवून घेतलीस, तर निव्वळ योगायोगाने २५ हजार ठिकाणी फरक ‘सापडेल’. त्यातला खरा कोणता? चाचणी किती कडक ठेवायची? एकाच कुटुंबातली माणसं नमुन्यात आली तर हिशोब कसा बदलतो? या प्रश्नांची उत्तरं सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत, ती संख्याशास्त्रातून येतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने क्रिस्परवर (डीएनए ठरावीक जागी कापण्याच्या तंत्रावर) आधारलेल्या पहिल्या उपचाराला, कॅसजेव्हीला, मान्यता दिली. त्यात रुग्णाच्याच रक्ताच्या मूळपेशी बाहेर काढून, बीसीएल११ए जनुकाला रक्तपेशींत चालू ठेवणाऱ्या नियंत्रक तुकड्यावर छेद देतात आणि त्या पेशी परत शरीरात सोडतात. बातम्यांत गाजली ती क्रिस्परची कात्री. ती कुठे चालवायची, हे दाखवून दिलं होतं आकडेमोडीनं. (ती मान्यता १२ वर्षांवरच्या रुग्णांसाठी होती, उपचाराआधी कडक केमोथेरपी घ्यावी लागते, तो सगळ्यांना मानवणारा नाही. भावाच्या बाबतीत काय योग्य, ते त्याचे रक्तविकारतज्ज्ञच सांगतील.)

आणि हे आजचंच नाही. या शास्त्राचा पायाच मोजणीवर घातलेला आहे. मेंडेलनं वाटाण्याच्या दुसऱ्या पिढीत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले दाणे मोजले, तेव्हा कुठे तीनास एक हे प्रमाण दिसलं. त्याआधी तो व्हिएन्ना विद्यापीठात भौतिकशास्त्र आणि गणित शिकून आला होता. वाटाण्याचे संकर इतरांनीही केले होते. पिढीमागून पिढी मोजत बसून त्या आकड्यांतलं प्रमाण शोधलं ते यानं.

तुला जवळचा वाटेल तो आल्फ्रेड स्टर्टेव्हंट. हा मुलगा घरच्या घोड्यांच्या वंशावळी मांडत बसायचा, रंग कुणाकडून कुणाकडे जातो ते बघायचा. त्यावरचा लेख त्यानं कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक मॉर्गन यांना दाखवला आणि त्यांच्या फळमाश्यांच्या प्रयोगशाळेत शिरकाव मिळवला. १९११ मध्ये, पदवीही हातात नसताना, कॉलेजचा अभ्यास बाजूला ठेवून तो एका रात्री आकडे घेऊन बसला. दोन गुणधर्म किती वेळा एकमेकांपासून सुटे होतात, यावरून त्यांच्या जनुकांमधलं अंतर काढता येईल हे त्याच्या ध्यानात आलं. सकाळपर्यंत गुणसूत्राचा जगातला पहिला नकाशा तयार होता. तो १९१३ मध्ये छापून आला. त्या नकाशामागे टक्केवारी आणि बेरीज-वजाबाकी आहे, त्यापलीकडचं गणित नाही. घरातल्या प्रश्नावरून या शास्त्राकडे वळलेली तू पहिली नाहीस, एवढं यातून कळलं तरी मला बरं वाटेल.

तेव्हा धास्ती नेमकी कशाची, ते आधी बघ. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांना भीती असते ती घड्याळ लावून सोडवायच्या पेपरची, विचार करण्याची नव्हे. जेनेटिक्सला सर्वांत आधी लागते ती संभाव्यता. मग संख्याशास्त्र, आणि पुढे थोडं प्रोग्रॅमिंग, कारण मानवी जीनोममधली, म्हणजे माणसाच्या संपूर्ण डीएनएतली, सुमारे तीन अब्ज अक्षरं कुणी डोळ्यांनी वाचत नाही. कलनशास्त्राची (कॅल्क्युलसची) गरज पडते, पण मुख्यतः पुढच्या काही शाखांत. नाण्यांपासून सुरुवात कर. दहा वेळा उडव, शंभर वेळा उडव, लिहून ठेव, फरक बघ. गणितात पहिलं यायची गरज नाही. एखादं उदाहरण सुटलं नाही म्हणून वही न मिटता बसता आलं पाहिजे.

पदवीच्या नावात जेनेटिक्स हा शब्द हवाच, असा हट्ट धरू नकोस. जीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, जीवतंत्रज्ञान यांतूनही पुढे जेनेटिक्सकडे वळता येतं. मी तर म्हणेन, पहिली पदवी थोडी रुंदच असावी. विद्यापीठ निवडताना माहितीपत्रकातले फोटो न बघता अभ्यासक्रम उघड आणि दोनच गोष्टी शोध : संख्याशास्त्र सक्तीचं आहे का, आणि शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचा संशोधन प्रकल्प करावा लागतो का. प्रकल्पावर माझा फार भर आहे. पीसीआर (डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची पद्धत) लावला, त्या प्रती बघायला जेल चालवलं आणि पट्टीच उमटली नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा नको तिथेही पट्टी आली, म्हणजे कुठेतरी भेसळ झाली. असे आठवडे या कामात येतातच. ते सोसवतात की नाही, हे व्याख्यानं ऐकून कळत नाही.

आता बाबांचं. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं नीट ऐकून घे. रुग्णाजवळ बसून त्याचं रक्त, त्याची औषधं, त्याचं वाढणं बघायचं असेल, उपचाराचा निर्णय स्वतः घ्यायचा असेल, तर वैद्यकीय शिक्षण घेऊन रक्तविकार किंवा वैद्यकीय आनुवंशिकी याच वाटेनं जावं लागेल. जेनेटिक्सची पदवी तो अधिकार देत नाही. पण पोट भरत नाही, हे मात्र मला पटत नाही. निदान प्रयोगशाळांत गुणसूत्रं आणि जनुकं तपासणारी माणसं लागतात. डीएनएतला एखादा बदल आजाराचा आहे, निरुपद्रवी आहे की ‘अर्थ अनिश्चित’ आहे, हे पुरावे तोलून ठरवणं हे आता स्वतंत्र काम झालं आहे. पिकांच्या जाती, गुन्हे तपासणी, वन्यजीवांचं संवर्धन या वाटा आहेतच. हे खरं की नुसत्या पहिल्या पदवीवर मिळणारी कामं मर्यादित असतात. बहुतेकांना पुढची पदवी घ्यावी लागते, आणि स्वतंत्र संशोधन करायचं तर पीएचडीची चार-पाच वर्षं धरूनच चालायचं. हे बाबांपासून लपवू नकोस. किती वर्षं लागतील ते कागदावर मांडून दोघांनी बोला.

एक वाट तुला कदाचित माहीत नसेल : जेनेटिक कौन्सेलर. या कामाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम १९६९ मध्ये अमेरिकेत सारा लॉरेन्स कॉलेजात सुरू झाला. ही व्यक्ती कुटुंबाची वंशावळ काढते, कोणती तपासणी करावी आणि तिच्या निकालाचा अर्थ काय हे समजावते, आणि निर्णय कुटुंबावर सोडते. तुझ्या आईबाबांना कुणीतरी सांगितलं असेल, ‘चारात एक शक्यता’. कित्येक आईवडील त्याचा अर्थ असा घेतात की एक मूल आजारी झालं, आता पुढची तीन सुटली. तसं नसतं; प्रत्येक गरोदरपणात ती शक्यता तेवढीच राहते. हे घाबरलेल्या माणसाला शांतपणे, त्याचा हात न सोडता सांगणं हेही जेनेटिक्सच आहे, आणि तुझं पत्र वाचताना मला हे काम वारंवार आठवलं.

भावाबद्दल एक सांगायचं राहिलं. १९४८ मधलं ते निरीक्षण आणि २०२३ मधला उपचार, यांच्यामध्ये ७५ वर्षं आहेत. त्या साखळीतल्या एकाही माणसानं ते एकट्यानं केलं नाही. तू हे शास्त्र शीक ते आवडतं म्हणून. भावाला बरं करण्याचं देणं डोक्यावर घेऊन शिकू नकोस. प्रयोग फसला त्या दिवशी त्याच्यासमोर अपराधी वाटू लागलं, तर अभ्यासही होणार नाही आणि त्याच्याशी मोकळेपणी खेळताही येणार नाही.

शेवटी एक उदाहरण देते. आई आणि वडील दोघेही थॅलसेमिया मायनर आहेत, म्हणजे दोघांच्याही बीटाच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली आहे. त्यांच्या एका मुलीला आजार नाही, हे नक्की माहीत आहे. ती स्वतः मायनर असण्याची शक्यता किती? घाईत उत्तर येतं, निम्मी. ते चूक आहे. हे उदाहरण तुझ्याच घरचं आहे, हे मला ठाऊक आहे आणि म्हणूनच ते निवडलं. वर्गात वंशावळीचा पाठ येईल तेव्हा असेच प्रश्न फळ्यावर असतील. ते बघून पोटात कालवलं तर वही बाजूला ठेव आणि तसं मला कळव. त्यावर आधी बोलू. (तुझ्यापुरतं नक्की उत्तर रक्ताच्या तपासणीत मिळतं, ती केव्हा करायची ते आईबाबांशी आणि भावाच्या डॉक्टरांशी बोलून ठरव.) सोडवावंसं वाटलं तर आईवडिलांकडून येणाऱ्या प्रतींच्या चार जोड्यांचे चार चौकोन आख, त्यातला कोणता खोडायचा ते शोध, आणि उत्तर माझ्याकडे पाठव. नुसता आकडा नको, कसा काढलास तेही लिही.