तेल आणि सिरम दोन्ही लावा, पण एकावर एक नाही

खोबरेल लावून त्यावर सिलिकॉनचं सिरम लावायचं आणि मग स्ट्रेटनर फिरवायचा, चालेल का, असं विचारलंय तुम्ही. नाही चालत. तेल असलं की केस जळत नाहीत हे तुमच्या आईचं म्हणणं आणि तेल कायमचं बंद कर हे पार्लरवालीचं, दोन्ही अर्धवट आहेत.

गेल्या लग्नसराईत अमळनेरची एक नवरी आली होती. रात्री भरपूर तेल जिरवलेलं, सकाळी बोअरच्या जड पाण्यात एकदाच शाम्पू. दिसायला केस कोरडे, पण मानेजवळची बट टिश्यूत दाबली तर कागदावर तेलाचा डाग. घरी बहिणीने त्यावरच सिरम चोपडून स्ट्रेटनरचं मशीन २३० अंश सेल्सिअसवर ठेवलं होतं. पट्टीवर तपकिरी चिकट थर, करपट वास आणि दोन बटा सुतळीसारख्या झालेल्या. सिरममधलं डायमेथिकॉन, म्हणजे त्यातलं सिलिकॉन, केसावर पातळ पापुद्रा धरतं, त्यामुळे उष्णता हळू आणि सारखी आत जाते. ते खोबरेलात मिसळत नाही. खाली तेल असलं की पापुद्रा कुठे बसतो, कुठे सरकतो. त्यात घाण्याचं खोबरेल १७५ अंशांच्या आसपास धुरायला लागतं.

तेल लावा ते न्हायच्या दोन तास आधी, खांद्यापर्यंतच्या केसांना चमचाभर. धुताना केसांतलं प्रथिन झिजतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल ताडून पाहिलं होतं. ही झीज लक्षणीय कमी केली ती फक्त खोबरेलाने, कारण ते केसाच्या आत शिरतं. मग दोनदा शाम्पू, कंडिशनर, पंचाने टिपणं. केस दमट असतानाच वाटाण्याएवढं सिरम, टोकांपासून वर, मुळांपासून चार बोटं सोडून. ड्रायरने पूर्ण वाळवा. बट तळहाताच्या मागच्या बाजूला लावून पाहा, गार लागली तर आत पाणी आहे. अशा केसावर मशीन लागलं की चर्र आवाज येतो. आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे धरतात आणि तिथेच केस तुटतो. मशीन १५० ते १८० अंशांवर, एका बटेवरून एकदाच. केस गार झाल्यावर टोकांना तेलाचे दोन थेंब लावले तर हरकत नाही.

तेल सोडा म्हणणाऱ्या पार्लरवाल्यांशी माझा वाद जुना आहे. दोष तेलाचा नसतो, तो नीट न धुण्याचा असतो. दुसऱ्यांदा शाम्पू करायचा कंटाळा, म्हणून गिऱ्हाइकाचं तेलच बंद करायचं, हे मला पटत नाही. आणि सिलिकॉनला विष म्हणणाऱ्यांनीही बाटली वाचावी. ते केसाच्या वर बसतं आणि सल्फेटवाल्या शाम्पूने निघतं. पंधरा दिवसांतून एकदा तसा शाम्पू करा, नाहीतर थरावर थर चढून तेल आत जाणार नाही.

कोंडा असेल तर मात्र टाळूला तेल नको, फक्त लांबीला लावा. स्मूदनिंग, म्हणजे रसायन लावून केस सरळ, केलं असेल तर ज्यांनी केलं त्यांनाच आधी विचारा. आणि सिरम लावलं म्हणून मशीन रोज फिरवू नका, आठवड्यातून एकदा पुरे.