‘ह्यांना कळू न देता औषध देता येईल का?’

व्यसनमुक्तीच्या कामात हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला जातो, तितका दुसरा कुठलाच नाही. कुणी फोनवर विचारतं, कुणी सत्र संपल्यावर दारापर्यंत जाऊन परत वळून विचारतं. विचारणाऱ्या बहुतेक बायका असतात, कुणाची पत्नी, कुणाची आई. अलीकडे वडीलही विचारतात. ज्याला व्यसन आहे तो म्हणतो, मला काही झालेलं नाही. घरच्यांना मात्र रोज रात्री जे व्हायचं ते दिसत असतं. मग वाटतं, याच्या होकाराची वाट बघत बसायचं तरी किती? जेवणात कालवून देता येईल असं काही मिळालं, तर निदान सुरुवात होईल.

उत्तर आधीच सांगते. नाही, असं औषध देऊ नका. का देऊ नये आणि त्याऐवजी काय करता येतं, ते एका ताईंच्या अनुभवातून सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

या ताई उपनगरातल्या एका मोठ्या वसाहतीत राहणाऱ्या. दोघंही नोकरी करणारे, मुलगी कॉलेजात. त्यांचे मिस्टर कामावर वेळेवर जात, कर्जाचे हप्ते नियमित भरत. पिणं घरी आल्यावर सुरू व्हायचं आणि झोप लागेपर्यंत चालायचं. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून. सकाळी हात थरथरायचे, म्हणून दाढी करायची ती दोन घोट घेतल्यावर. दारुडा म्हणजे रस्त्यात पडलेला माणूस, अशी आपली घट्ट समजूत आहे, आणि त्यामुळे असा नोकरदार माणूस वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेत येत नाही. शेजाऱ्यांना कळू नये याची काळजी ताईच घेत. कचऱ्यात रिकाम्या बाटल्या दिसल्या तर बोलणं होईल, म्हणून त्या बाटल्या जुन्या ओढणीत गुंडाळून, आवाज होऊ नये अशा बेताने, ऑफिसच्या पिशवीतून बाहेर नेऊन टाकायच्या. हे सांगताना त्यांचा आवाज पूर्ण सपाट होता, रोजच्या कामांपैकी एक सांगावं तसा.

मग त्यांनी पर्समधून कागदाची एक घडी काढून टेबलावर ठेवली. आत पांढरी भुकटी. ‘गॅरंटीने दारू सुटेल’ अशी जाहिरात वाचून मागवलेली. पुडीवर औषधाचं नाव नाही, मात्रा नाही, काहीच नाही. रात्रीच्या जेवणात चिमूटभर, एवढीच सूचना फोनवर मिळालेली. काही दिवस त्यांनी ती दिली. मग एका रात्री मिस्टरांचा चेहरा आणि मान लालभडक झाली, छाती धडधडायला लागली, ओकारी थांबेना, अंगाला दरदरून घाम सुटला. “मला वाटलं, हे आता जातात,” त्या म्हणाल्या. “पण डॉक्टरांकडे नेलं असतं तर विचारलं असतं, काय दिलं. मी काय सांगणार होते? म्हणून नेलंच नाही. रात्रभर उशाशी बसून राहिले.”

मला या सगळ्यात सर्वांत जास्त भीती वाटली ती या शेवटच्या भागाची. त्या माणसाला त्या रात्री दवाखान्याची गरज होती आणि तो घरीच पडून राहिला, कारण घरात एक गोष्ट बोलता येण्यासारखी नव्हती.

पुडीत नेमकं काय होतं ते कळायला मार्ग नव्हता. पण लक्षणांवरून ते डायसल्फिराम असावं, असं आमच्या मनोविकारतज्ज्ञांचं मत पडलं. हे औषध खरं आहे, जुनं आहे आणि योग्य हातात उपयोगी आहे. रबराच्या कारखान्यांत या रसायनांशी संबंध येणाऱ्या कामगारांना दारू सोसेनाशी होते, हे आधीच लक्षात आलं होतं. 1948 साली कोपनहेगनमधल्या येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन या संशोधकांनी त्याचा दारूवरच्या उपचारासाठी वापर पुढे आणला. आपलं यकृत दारूचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी द्रव्यात रूपांतर करतं आणि मग ते द्रव्य मोडून निरुपद्रवी करतं. डायसल्फिराम ही दुसरी पायरी अडवतं. विष अंगात साठतं आणि ताईंनी पाहिलं ते सगळं घडतं. रक्तदाब एकदम कोसळू शकतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून ते सुरू करण्याआधी यकृत आणि हृदय तपासतात, शेवटच्या घोटानंतर किमान 12 तास गेलेले असावे लागतात, आणि ज्याला द्यायचं त्याला पूर्ण माहिती देऊन त्याची संमती घ्यावीच लागते. गोळी थांबवल्यावरही तिचा परिणाम 2 आठवड्यांपर्यंत राहू शकतो. खोकल्याच्या काही औषधांत अल्कोहोल असतं, तेवढ्यानेही त्रास होतो. ज्याला आपण औषधावर आहोत हेच माहीत नाही, त्याने जपायचं तरी कशापासून?

आणखी एक धोका आहे, आणि तो घरच्यांना सहसा माहीत नसतो. घाबरून जाऊन अशा माणसाने दारू अचानक बंद केली, तर तेही जिवावर बेतू शकतं. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या हिशोबाने चालायला लागलेला असतो. ती एकाएकी बंद झाली की काही तासांत थरथर सुरू होते, पहिल्या 2 दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण 48 ते 72 तासांच्या दरम्यान काहींना भास होणं, वेळ-काळाचं भान जाणं, ताप, प्रचंड अस्वस्थता असा ‘डिलिरियम ट्रेमेन्स’चा झटका येतो. यावर उपचार आहेत आणि ते चांगले आहेत, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचे असतात. ज्याचे हात सकाळी थरथरतात त्याला ‘आजपासून थेंबही नको’ अशी शपथ घालू नका. त्याला आधी डॉक्टरांकडे न्या.

तरुण मुलांच्या आईवडिलांसाठी इथेच एक सांगते. मुलगा ब्राऊन शुगर किंवा अफूवर्गातलं काही घेत असेल आणि कुणी तुम्हाला नाल्ट्रेक्झोनची, म्हणजे अफूवर्गातल्या नशेचा परिणाम अडवणारी गोळी गुपचूप द्यायला सांगत असेल, तर तीही देऊ नका. अंगात अफूचा अंश असताना ती पोटात गेली, तर विड्रॉवलचा, म्हणजे नशा तुटल्यावर होणारा सगळा त्रास एकदम आणि फार तीव्रतेने उफाळतो. दुसरं म्हणजे, काही आठवडे बंद राहून मुलगा परत घ्यायला लागला, तर पूर्वीची मात्रा त्याच्या शरीराला झेपत नाही. ओव्हरडोसने मृत्यू होण्याचा धोका अशा वेळी सर्वांत जास्त असतो. कोंडून ठेवून सुटलं, आता काळजी नाही, असं मानणाऱ्या घरांना हे आवर्जून सांगावं लागतं.

ताईंना पुडी बंद करायला लगेच पटलं. पुढचा प्रश्न होता, “मग मी करू काय? ते तर यायलाच तयार नाहीत.” मी म्हटलं, तुम्ही आला आहात ना, मग तुमच्यापासून सुरू करू.

ही समजूत घालणारी भाषा नाही. अमेरिकेत रॉबर्ट मायर्स यांनी ‘क्राफ्ट’ नावाची पद्धत विकसित केली आहे, तिच्यात व्यसनी माणूस नव्हे तर त्याच्या घरची व्यक्ती आधी शिकते. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या पद्धतीने शिकलेल्या कुटुंबांपैकी 64 टक्के घरांतला पिणारा माणूस उपचाराला तयार झाला. सगळ्यांनी मिळून त्याला एकदम घेरून जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण 30 टक्के होतं. अल-अनॉन या पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या संघटनेच्या मार्गाने जाणाऱ्या कुटुंबांत 13 टक्के. अर्थात 1951 मध्ये सुरू झालेल्या अल-अनॉनचा उद्देशच वेगळा आहे, तो घरच्यांना स्वतःला सावरायला मदत करण्याचा. त्या आकड्यावरून तिला कमी लेखू नये. ताईंना मी तिथे जायलाही सुचवलं आणि त्यांना तिथे खूप बळ मिळालं.

आम्ही केलं ते दिसायला साधं होतं, करायला अवघड. पिऊन असताना वाद घालायचा नाही, बोलायचं ते सकाळी. त्यांच्या ऑफिसात फोन करून ‘ताप आहे’ असं खोटं सांगायचं नाही. बाटल्या आवरायच्या नाहीत. ज्या संध्याकाळी ते कमी पितील किंवा उशिरा सुरू करतील, तेव्हा सोबत बसायचं, बोलायचं. पिणं वाढलं की शांतपणे उठून आत जायचं. आणि हात उगारला जाण्याची शक्यता असेल तर सगळ्यात आधी स्वतःच्या आणि मुलीच्या सुरक्षिततेची सोय, बाकी सगळं नंतर. ताईंच्या घरी मारहाण नव्हती. जिथे असते तिथे मी हा क्रम कधीच बदलत नाही.

बाटल्यांची गोष्ट त्यांना सगळ्यात जड गेली. “चारचौघांत अब्रू जाईल.” मी विचारलं, ही अब्रू सांभाळता सांभाळता तुमची झोप गेली, मैत्रिणी गेल्या, माहेरी जाणं सुटलं. यातलं त्या चारचौघांना काय कळलं? त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

आणि पुडीबद्दल मिस्टरांना सांगायचं होतं. ते टाळून पुढे जाता येणार नव्हतं. उद्या डॉक्टरांनी काही औषध दिलं, तर आधी काय पोटात गेलंय हे कळायला हवं, हे एक. आणि तो माणूस त्या रात्रीपासून आपलं हृदय निकामी होतंय असं समजून मनातल्या मनात घाबरलेला होता, हे दुसरं. ताईंनी काय बोलायचं ते आमच्यासमोर बोलून पाहिलं, मोडलं, पुन्हा जुळवलं. शेवटी त्यांनी घरी सांगितलं ते इतकंच: “त्या रात्री जे झालं ते माझ्यामुळे. मी तुम्हाला न सांगता औषध घालत होते. मला दुसरं काही सुचलं नाही. आता असं कधी करणार नाही.”

ते भयंकर चिडले. काही दिवस घरात जेवले नाहीत, आणि त्यांचा राग रास्त होता. मग एका सकाळी म्हणाले, “झोप लागत नाही मला. तुझ्या त्या मॅडमकडे झोपेचं काही असतं का?” ते आले ते झोपेसाठी आले. दारूचा विषय मी पहिल्या भेटीत काढला नाही. झोप, रात्री दोनला जाग येणं, सकाळची थरथर, एवढंच बोललो. थरथर आणि दारू यांचा संबंध त्यांनी स्वतःच लावला. पुढे ते काही दिवस रुग्णालयात दाखल झाले, विड्रॉवलचा काळ औषधांच्या आधाराने पार पडला, बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं झाली, कारण दीर्घकाळ पिणाऱ्यांत त्याची कमतरता मेंदूला इजा करू शकते.

घरी परतताना डॉक्टरांनी पर्याय समजावले, तेव्हा त्यांनी डायसल्फिराम मागून घेतलं. सगळ्या तपासण्या झाल्यावर, सही करून. रोज सकाळी ताईंसमोर घ्यायचं ठरलं, तेही त्यांनीच सुचवलं. संध्याकाळी पिण्याचा प्रश्नच उरत नाही, म्हणाले, सकाळी एकदा ठरवलं की झालं. समोर कुणीतरी असताना घेतली तर ही गोळी जास्त उपयोगी पडते, असा अनुभव जगभरचा आहे.

सगळं सरळ झालं नाही. काही महिन्यांनी गोळीला टाळाटाळ सुरू झाली, मग थांबली, मग ते प्यायले. ताईंनी त्याच रात्री मला मेसेज केला, ‘सगळं वाया गेलं.’ व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांपैकी 40 ते 60 टक्के लोक पुन्हा घसरतात. रक्तदाबाच्या किंवा दम्याच्या रुग्णांत उपचार सुटून त्रास उलटण्याचं प्रमाणही जवळपास असंच आहे, आणि तिथे आपण ‘वाया गेलं’ म्हणत नाही, औषध बदलतो. या वेळी फरक असा पडला की कुणी काही लपवलं नाही. ते तिसऱ्याच दिवशी माझ्यासमोर बसले होते.

त्यानंतर ते अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या गटाच्या बैठकांना जाऊ लागले. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मुद्दाम लांबच्या उपनगरातला गट निवडला. दुसऱ्याच बैठकीत समोर त्यांच्याच वसाहतीतले, मागच्या इमारतीतले गृहस्थ. तेही त्याच कारणाने तिथे आलेले. आता दोघं एकत्र जातात.

मुलगी मात्र अजून वडिलांशी कामापुरतंच बोलते. आई दोघांनाही सांभाळून घ्यायला बघते, तसं करू नका असं मी सांगते. मुलीचा राग बरीच वर्षं साठलेला आहे आणि तो तिच्या तोंडून यायला हवा. तिच्यासोबतची सत्रं गेल्या महिन्यात सुरू झाली आहेत. वडिलांनी पहिल्याच वेळी विचारलं, मी आत यायचं का? ती म्हणाली, आत्ता नको. ते बाहेर थांबले.