बिजागरीची पिन बदलता आली पाहिजे

तुम्ही विचारलंय की, हुपरीहून ९२५ शुद्धतेच्या चांदीचे उघडणारे तोडे करून घेता, पण सहा-आठ महिन्यांत त्यांची बिजागरी खुळखुळायला लागते आणि गिऱ्हाईक तोडा परत घेऊन येतं. मग बिजागरीच्या नळ्यांतून जाणारी पिन जाड करावी, स्टीलची घालावी, की दोन्ही टोकांना झाळून (सोल्डर करून) कायमची बसवावी?

झाळू नका. बाकीच्या दोन गोष्टींवर सावकाश बोलता येईल, पण ही आजच बंद करा.

मी कोल्हापुरात गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात बसतो, नव्या कामापेक्षा दुरुस्तीच जास्त करतो. माझ्याकडे येणाऱ्या सैल बिजागऱ्यांपैकी ज्या वाचवता येत नाहीत, त्या बहुतेक पिन झाळलेल्याच असतात. गेल्या नवरात्राच्या आधी एका ताईंनी त्यांच्या आईचा तोडा आणला होता. आधी कुणीतरी 'आता हलायची नाही' म्हणून पिनेची दोन्ही टोकं झाळून दिली होती. झाळ पातळ होऊन आत ओढली गेली होती आणि मधल्या नळीलाही धरली होती. ताईंनी जोर लावून तोडा उघडला, तर पिन फिरलीच नाही, नळीच पत्र्यापासून उपटली. तीन हजारांत होणारं काम नव्हतं ते, सगळी बिजागरी नव्यानं बांधावी लागली. तापवल्यानं पिनेचं नुकसान आणखी एका तऱ्हेनं होतं. ओढून कडक केलेली तार झाळण्याच्या आचेवर लाल झाली की मऊ पडते, म्हणजे जिच्या कडकपणावर सगळा भार, तीच मेणासारखी होते.

आपल्याकडचा कोल्हापुरी साज बघा. पानं, मणी, सगळं दोऱ्यात किंवा तारेत ओवलेलं. तो दोरा झिजणार हे धरूनच साज घडवतात, आणि सैल झाला की पटवेकऱ्याकडून (दागिने ओवून देणाऱ्याकडून) गाठवून घेतात. पानांना धक्का लागत नाही. पिन म्हणजे बिजागरीचा दोराच आहे. तो झिजला तर चालेल, पण नळ्या झिजता कामा नयेत, आणि दोरा काढता आला पाहिजे.

आता मुळात सैल का होते ते सांगतो. भोक पिनेपेक्षा जरासं मोठं राहिलं की पिन नळीला सगळ्या लांबीभर टेकत नाही, फक्त कडेला टेकते. सगळा भार त्या दोन-चार बिंदूंवर. चांदी मऊ, कड दबते, भोक लंबगोल होतं, फट वाढते, आणि फट वाढली की झीज आणखी वेगानं होते. भिंगाखाली असं भोक धरलं तर बाहेरच्या तोंडाला अंड्यासारखं आणि आत मधोमध अजून गोल दिसतं. त्यात साबण, पीठ, बारीक धूळ शिरली की तो काळा चिकट गाळ कानशीसारखं काम करतो. म्हणून पहिल्या दिवसाची फट हीच खरी शत्रू.

तुमच्या कारागिराला सांगायचं ते असं. तोडा १० मिलिमीटर रुंद असेल तर तीन नळ्यांवर भागवू नका, प्रत्येकी २ मिलिमीटर लांबीच्या पाच घ्या, एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन. नळ्यांची संख्या विषम ठेवली की दोन्ही टोकं एकाच पाळ्याची (तोड्याच्या एकाच अर्ध्या भागाची) राहतात आणि ओढ तिरकी पडत नाही. नळी बाहेरून २ आणि आतून १ मिलिमीटर, म्हणजे भिंत अर्ध्या मिलिमीटरची. इथे पत्रा वाचवायला जाऊ नका. ही जाडी पुढच्या दुरुस्तीसाठी लागते, कसं ते खाली येईल. नळी पत्र्याच्या सरळ कडेवर नुसती ठेवून झाळली तर ती एका रेघेवरच धरते. गोल कानशीनं कडेला आधी नळीच्या मापाची खोबण करा, म्हणजे नळी तिच्यात अंग टेकून बसेल. झाळताना नळ्यांच्या मधल्या सांध्यांना गेरूचा लेप लावा. झाळ तिथे शिरत नाही. आधी प्रत्येक नळीला झाळीचा एकेक ठिपका धरवायचा, दोन्ही पाळे वेगळे करायचे, आणि मगच पूर्ण झाळायचं. घाईत सगळं एकदम झाळणारे इथेच फसतात.

पिनेसाठी मी चांदीच्या दागिन्यात जर्मन सिल्व्हरची (तांबं, निकेल, जस्ताच्या मिश्रधातूची) तार वापरतो. १.३ मिलिमीटरची तार घेऊन जंतरातून (तार ओढायच्या भोकांच्या पट्टीतून) न तापवता १ मिलिमीटरपर्यंत ओढायची. तारेचा आडवा छेद यात साधारण ४० टक्क्यांनी कमी होतो आणि तार चांगली ताठ होते. शेवटच्या भोकात येईपर्यंत मधेमधे नळीत घालून बघा. बोटानं दाबत दाबत जायला हवी, सहज घसरायला नको. स्प्रिंगची स्टील तार मी टाळतो. ती इतकी कडक असते की टोक ठोकून पसरवताना आधी चांदीची नळीच चेमटते. सोन्याच्या तोड्यात १८ कॅरेटची ओढलेली तार घालतात, पण ते गिऱ्हाइकाला सांगून आणि बिलावर लिहूनच करावं.

पिन सगळ्यात शेवटी, झिलई झाल्यावर. बाहेरच्या दोन्ही नळ्यांच्या तोंडाला किंचित उतार द्या, तार दोन्हीकडे थोडी बाहेर ठेवा आणि लहान हातोडीनं हलक्या ठोक्यांनी टोक त्या उतारात पसरवा. मग कानशीनं सपाट. काढायची वेळ आली की एक टोक घासून टाकलं की पिन मागून ढकलता येते.

बिजागरीइतकंच लक्ष पलीकडच्या, तोडा बंद ठेवणाऱ्या खिट्टीवर द्या. तुमच्या परत आलेल्या तोड्यांपैकी निम्मे तरी तिथूनच बिघडले असतील, असं मला वाटतं. खिट्टी सैल असेल तर हात हलेल तसे दोन्ही पाळे एकमेकांवर घासत राहतात आणि तो पिळ थेट पिनेवर येतो. दुसरं म्हणजे तोडा किती उघडतो त्याला अटकाव नसतो. पाळ्यांच्या बाहेरच्या कडा अशा कोनात घासा की मनगट जाईल इतका उघडल्यावर कडा कडेला टेकेल. तो अटकाव नसला तर घाईत तोडा उलटा ताणला जातो आणि सगळा जोर नळीच्या झाळीवर येतो.

परत आलेल्या तोड्यांचं काय करायचं? पिन काढा, रिठ्याच्या कोमट पाण्यात मऊ ब्रश घालून गाळ साफ करा, आणि पाळे जोडून ठेवूनच सगळ्या नळ्यांतून एकदम, घड्याळजी वापरतात ती पाच कडांची निमुळती सुई दोन्ही बाजूंनी फिरवा, म्हणजे भोक सरळ आणि गोल होईल. मग वरच्या मापाची पिन, समजा १.१ किंवा १.२ मिलिमीटरची. अर्ध्या मिलिमीटरची भिंत असली तर हे दोन-तीन वेळा करता येतं.

ठोकण्याआधी एक करून बघा. पिन नुसती घालून एक पाळा आडवा धरा, दुसरा वर उचलून सोडा. तो आपल्या वजनानं हळू खाली यायला हवा. धाडकन पडला तर तार बारीक झाली, जाड घ्या. अडकला तर नळ्या एका रेषेत नाहीत, आणि त्या सरळ केल्याशिवाय टोक ठोकू नका.