भाडेकरूला टीबी निघाला, खोली रिकामी करावी का?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीजवळ आमची चाळ आहे. भाडेकरू बिहार-ओडिशाची पोरं, फौंड्रीत कामाला. एकाला टीबी निघाला. शेजारी म्हणतात, ही माणसंच रोग आणतात, बाहेर काढा. परदेशात म्हणे बाहेरून येणाऱ्यांची तपासणी करतात. खरं काय? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काढू नका. खोली गेली की रुग्ण गावची गाडी धरतो, गोळ्या मध्येच सुटतात आणि औषधांना दाद न देणारा टीबी असाच तयार होतो. गावी जायचंच असेल, तर निक्षय (टीबी रुग्णांची सरकारी ऑनलाइन नोंद) नोंदणी क्रमांक घेऊन उपचार तिकडच्या केंद्रात वर्ग करून घ्यावेत.

परदेशातली गोष्ट खरी आहे. ब्रिटनला सहा महिन्यांहून जास्त राहायला जाणाऱ्या भारतीयाला व्हिसाआधी छातीचा एक्स-रे काढावा लागतो. तिथं जन्मलेल्याचा या जंतूशी सहसा संबंधच येत नाही. आपल्याकडून गेलेल्याच्या अंगात मात्र तो निपचित पडलेला असू शकतो, आणि तिथं गेल्यावर काही वर्षांत डोकं वर काढतो. तिथल्या स्थानिकांत टीबी जास्त दिसतो तो बेघर, तुरुंगात राहिलेल्या आणि नशेच्या आहारी गेलेल्या लोकांत.

कोल्हापूरला हा हिशेब लावता येत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत 15 वर्षांवरच्या सुमारे 31 टक्के भारतीयांत जंतूची लागण आढळली. म्हणजे ओडिशाचा असो की करवीरचा, दोघंही त्यात असू शकतात. लागण झालेल्या 100 जणांतल्या 5 ते 10 जणांनाच पुढे कधीतरी रोग होतो. तो कुणाला होणार, हे जन्मगावापेक्षा बाकीच्या गोष्टींवर जास्त अवलंबून असतं : अर्धपोटी राहणं, तंबाखू, दारू, एचआयव्ही. मधुमेहाने धोका दुप्पट-तिप्पट होतो. फौंड्रीत त्यात वाळूच्या धुळीची भर. फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करण्याच्या वेळी उडणारी बारीक सिलिका फुफ्फुसाची राखणच मोडून टाकते. तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही. एन-95 मास्क आणि धूळ ओढून घेणारा पंखा लागतो. मधुमेह असलेला, वीस वर्षं फेटलिंगवर काढलेला इथलाच कामगार त्या परप्रांतीय पोरापेक्षा जास्त धोक्यात असू शकतो.

आता खोलीतल्या बाकीच्यांचं. त्या सगळ्यांना सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या, तपासणी फुकट आहे. बेडक्याचे दोन नमुने लागतात, त्यातला एक सकाळचा. तो छातीतून खोकून काढलेला हवा. नुसती थुंकी दिली तर रोग असूनही अहवाल कोरा येऊ शकतो. टीबी नाही अशी खात्री झाल्यावरच प्रतिबंधक गोळ्या : आठवड्यातून एकदा, 12 डोस. आधीच सुरू केल्या आणि रोग लपलेला असला, तर जंतू त्या औषधांना सरावतो. लघवी नारिंगी होते, घाबरू नये. दारू मात्र बंद, यकृतावर ताण येतो.

प्रश्न : त्याची ताट-वाटी वेगळी ठेवावी का?

उत्तर : गरज नाही. टीबी हवेतून पसरतो. डासांपायी कायम बंद ठेवलेल्या खिडकीला जाळी मारा आणि ती उघडी ठेवा.