मार्कर पेनची सही आणि १९४२ साली गेलेला वैमानिक

चोरबाजारात मटन स्ट्रीटवर जर्मन वैमानिक हान्स-योआखिम मार्सेयचा सही केलेला फोटो नऊ हजारांना मिळतोय, घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. नका घेऊ.

सहीच्या वळणावरून मी हे सांगत नाहीये, तेवढी पारख मला नाही. तुम्ही टाकलेल्या चित्रात रेघ जाड, काळी आणि सगळीकडे एकाच रुंदीची आहे. म्हणजे मार्कर. मार्सेय गेला ३० सप्टेंबर १९४२ला, इजिप्तच्या वाळवंटात, धुराने भरलेल्या विमानातून उडी मारताना. वय २२, नावावर पाडलेली १५८ विमानं. मार्कर सर्रास मिळायला लागले ते पन्नासच्या दशकानंतर. वरून खाली येऊन सही करून गेला असेल तर गोष्ट वेगळी!

त्याच युद्धातले जर्मन वैमानिक गालांड (मृत्यू १९९६) किंवा ग्युंटर राल (मृत्यू २००९) यांचं तसं नाही. ते युद्धानंतर अनेक वर्षं सह्या देत होते, नव्या प्रिंटवरसुद्धा. तिथे मार्कर चालेल, पण ‘दुर्मीळ’ म्हणून जास्तीचे पैसे मोजू नका.

दुकानात जाताना टपालतिकिटं जमवणाऱ्यांचं दहापट भिंग न्या. सहीच्या रेघेत बारीक ठिपके दिसले तर ती छापील. नोटा तपासायचा जांभळा दिवाही न्या. कागद निळसर पांढरा चमकला तर तो युद्धकाळातला नाही. कागद उजळवणारी रसायनं नंतर आली. उलट, चमकला नाही म्हणून हुरळू नका. जुन्या फोटोवर कालपरवा सही ठोकता येतेच.

आता माझा गाढवपणा. १९७१च्या युद्धातल्या एका वैमानिकाचा सही केलेला फोटो मी चिकट पानांच्या अल्बममध्ये लावला होता. दादरचं घर, जुलै महिना. गणपतीत पाहुण्यांना दाखवायला पान उचललं तर सही वरच्या प्लॅस्टिकवर, उलटी! फोटोवर नुसता निळा धूसर डाग. आता पॉलिएस्टरची पाकिटं, सिलिका जेलच्या पुड्या, आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून लांब. लॅमिनेशन तर चुकूनही करू नका.

माझं ऐकाल तर त्या नऊ हजारांत आपल्याच लोकांना पत्रं लिहा. १९६५ आणि १९७१च्या युद्धांत नॅट, हंटर आणि ७१ला सुखोई ही लढाऊ विमानं उडवलेले काही जण अजून आहेत, पण वयं ऐंशीच्या आसपास किंवा त्याहून जास्त, तेव्हा उशीर नको. दोनच प्रिंट पाठवा, मॅट कागदावरच, कारण गुळगुळीत कागदावर बॉलपेन घसरतं. सोबत तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. आणि सहीसोबत ‘अमुक यांना’ असं तुमचं नावही लिहून मागा. विकताना भाव पडतो म्हणतात, पडू दे.

पुण्याच्या एका निवृत्त विंग कमांडरांनी मी सहीसाठी धाडलेला विमानाचा फोटो परत पाठवला तेव्हा सहीखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: “हे विमान माझं नाही. माझं शेजारचं, शेपूटच दिसतंय ते.”