रिपोर्टातील ‘केसिएशन’

प्रश्न : बहिणीच्या मानेतील गाठीच्या रिपोर्टात ‘केसिएटिंग ग्रॅन्युलोमा’ लिहिले आहे. हा कॅन्सर का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : नाही. गाठीचा मधला भाग मरून पनीरासारखा पांढरट-पिवळा, भुसभुशीत झाला की त्याला केसिएशन म्हणतात. सूक्ष्मदर्शकात तिथे पेशींची रचनाच उरलेली नसते, भोवती मात्र प्रतिकारपेशींचे कडे असते. ते कडे म्हणजे ग्रॅन्युलोमा. आपल्याकडे याचे कारण बहुधा क्षयरोग असते, पण काही बुरशीजन्य आजारांतही असेच दिसते. म्हणून जंतू शोधावाच लागतो.

इथेच नेहमी गडबड होते. तपासणीसाठी काढलेला सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या रसायनात) टाकला की जंतू मरतात आणि कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) करता येत नाही. थोडा भाग सलाइनमध्ये, जीनएक्स्पर्ट (क्षयाच्या जंतूची जनुकीय तपासणी) व कल्चरसाठी वेगळा पाठवायला हवा. तसे झाले नसेल तर सुईने पुन्हा नमुना घेता येईल का, हे जिल्हा रुग्णालयात किंवा गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) विचारा. गाठीत जंतू थोडेच असतात. स्टेन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकात पाहण्याची तपासणी) निगेटिव्ह आला म्हणजे क्षय नाही, असे समजू नका.

क्षय ठरल्यास साधारण 6 महिने औषधे, सरकारी केंद्रात मोफत. मध्येच गाठ वाढली तरी गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना दाखवावे.